दस्तगीरमामांचं कडवं

दस्तगीरमामा वरातीत गाणं सुरू करण्याआधी बँड थांबवायचे. क्लॅरोनेट थांबायचं, ढोल थांबायचा, नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहायची आणि मामा भोंग्याच्या माईकवर बोलायला लागायचे. आता जे गाणं होणार ते कुणी लिहिलं, चाल कुणाची, मूळ आवाज कुणाचा, रेडिओवर ते कधी गाजलं, त्यात बासरी कुणी वाजवली. एखाद्या गाण्याची वेगळी हकिकत असली तर तीही सांगायचे. "जिचं नाव छापलंय ती बाई तवा आजारी हुती. तिच्या जागी दुसरीनं गायलं. दुसरीचं नाव ध्यानात ठेवा," असं म्हणून ते दुसरीचं नाव दोनदा सांगायचे. शेवटी, "आन् आत्ता गातूय त्यो न्हावऱ्याचा दस्तगीर," म्हणून हात खाली आणायचे. मग ढोल सुटायचा.

वऱ्हाडी मंडळी वैतागायची. केडगावात एकदा नवरीचा मामा चिडून पुढे आला. मुहूर्त टळतोय, नावं कसली वाचताय, आहेर पुकारताय का, असं त्याने विचारलं. मामांनी माईक तोंडापासून दूरसुद्धा केला नाही. "पाव्हनं, पातेलं देनाऱ्याचं नाव तुम्ही मांडवात पुकारता. हितं तर मानसानं गानं दिलंय." सगळी वरात हसली. नवरीचा मामाही हसला असावा. गाणं नाव सांगूनच झालं.

या माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या गाण्यातून मी काढून टाकलं. ते गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. पुणे जिल्ह्यात गेल्या पंचवीस वर्षांत एकाही लग्नाला गेला असाल तर त्यावर नाचलाही असाल. फक्त ते कुणाचं आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि त्याला कारण मी आहे. म्हणून हे लिहायला बसलो आहे. वाचणाऱ्याने माझी कीव करू नये, तेवढी एकच विनंती आहे.

मामांचं घर न्हावऱ्यात. धंदा पिढीजात, नालबंदाचा. ऊसतोडीच्या हंगामात शिवारात बैलगाड्यांचे तळ पडायचे. डांबरी रस्त्यावरून ऊस ओढून बैलांचे खूर झिजतात, म्हणून त्यांना नाल ठोकावी लागते. सकाळी मामा तळावर असायचे. दोर टाकून बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि गुडघ्यावर बसून एकेका खुराला नाल ठोकायची. ठोकताना ते बारीक आवाजात गायचे. बैल त्यांच्या गाण्याने गप्प पडतो असं लोक कौतुकाने सांगायचे. मामांना ते कौतुक चालत नसे. "त्यो दोरामुळं गप पडतो. मी गातो माझ्यासाठी."

दुपारनंतर हातपाय धुऊन ते एसटीने दौंडला जायचे. तिथल्या एका बँड पार्टीत ते गायक होते. लाल कोट, सोनेरी झालरी, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आणि बोटांवर सकाळच्या हातोडीचे काळे डाग. तरुणपणी ते चुलत्याकडे दौंडच्या रेल्वे वसाहतीत राहिले होते. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलातला रेडिओ आणि गणपतीतले ऑर्केस्ट्रे, एवढीच त्यांची गाण्याची शाळा. सिनेमाची, कोळीगीतांची, लावणीची, पुढे टीव्हीवर रंगीत कपडे घालून नाचत गाणाऱ्या पोरापोरींची, अशी तीन-चार दशकांची गाणी त्यांना पाठ होती. त्याहून जास्त त्या गाण्यांमागची माणसं पाठ होती. त्यांची एक शंभर पानी वही होती आणि तीत फक्त नावं होती. एका गाण्यात मेंडोलिन कुणी वाजवलं हे कळेना, म्हणून त्यांनी कॅसेट कंपनीला पत्र घातलं होतं. सात महिन्यांनी उत्तर आलं, ते कार्ड त्यांनी वहीत डकवलं होतं.

नव्या पॉप गाण्यांना त्यांच्या वयाची माणसं नावं ठेवायची तेव्हा मामा भांडायचे. एका गायिकेचं गाणं त्या काळी दर रिक्षात वाजत होतं. तिच्याबद्दल ते म्हणाले, "आवाज नाकातला हाय, पन खोटा न्हाई. आन् पोरगी चाल करनाऱ्याचं नाव मुलाखतीत घेती. मानूस चांगलं हाय."

माझं शिरूरला एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान होतं. लोक यादी आणून द्यायचे आणि मी कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचो. मी तेव्हा पंचविशीतला होतो आणि मला स्वतःबद्दल फार वाटायचं. मामा पहिल्यांदा आले ते वीस गाण्यांची यादी घेऊन. प्रत्येक गाण्यापुढे तीन-तीन नावं होती. मी गाणी भरली आणि कव्हरच्या कागदावर फक्त गाण्यांचे मुखडे लिहिले. दोन दिवसांनी त्यांनी कॅसेट काउंटरवर आणून ठेवली.

"गानी भरलीस. मानसं कुठं हायती?"

कागदावर जागा नाही, मी म्हणालो.

"मंग दुसरा कागद चिकटव."

मी चिकटवला. चिकटवताना दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघून डोळा मारला. मामांना तो दिसला असणार, पण ते स्टुलावर बसून राहिले. त्यानंतर ते आठवड्यातून एकदा यायचेच. मी दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून रेकॉर्डिंगची सोय केली होती आणि एक कीबोर्ड घेतला होता. मामा मला 'बटनमास्तर' म्हणायला लागले. मला ते आवडायचं नाही. पण त्यांनी म्हटलं की रागही यायचा नाही.

याच खोलीत ते गाणं झालं. शब्द मामांचे, चाल मामांची, आवाज मामांचा. नवरी सासरी निघते आणि रडायचं सोडून ताठ मानेने जाते, असं ते गाणं होतं.

"घोडनदीच्या पाण्याला गं, वळण किती बाई
नवरी निघाली सासरी, मागं बघत न्हाई"

पहिल्या दोन ओळी संथ आणि मग ढोलकी अशी उडते की बसलेला माणूस उठतो. पाच कडवी होती. आमच्याकडे जुन्या गाणाऱ्यांची एक रीत आहे. भजन असो, शाहिरांचं सवाल-जवाबाचं भेदिक असो की लग्नातलं गाणं असो, रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव आणि गाव घालतो. छापखाने नव्हते तेव्हा गाण्याची मालकी तेवढ्यावरच चालायची. मामांचं पाचवं कडवं असं होतं:

"न्हावऱ्याचा दस्तगीर, नाल ठोकतो बैलाला
लेकीवानी गाणं दिलं, सांभाळा हो त्याला"

हे कडवं गाताना त्यांनी डोळे मिटले होते. ढोलकीवाला वाजवता वाजवता हसला, कारण नालेचं गाण्यात येणं त्याला गमतीचं वाटलं. मलाही वाटलं.

शहरातल्या एका कंपनीने लग्नाच्या गाण्यांची कॅसेट काढायचं कबूल केलं. त्यांचा माणूस मास्टर टेप न्यायला शिरूरला आला. त्याने वेळ मोजली. एक बाजू तीस मिनिटांत बसायला हवी होती आणि आमची पाऊण मिनिटाने जास्त भरत होती. काहीतरी कमी करा, संध्याकाळच्या गाडीने मला जायचंय, असं सांगून तो चहाला गेला.

आता हे नीट सांगतो, कारण पंचवीस वर्षं मी हे चुकीचं सांगितलं आहे. घोडनदीच्या गाण्याच्या सुरुवातीला माझ्या कीबोर्डचा एक तुकडा होता. त्यात मी एकटाच वाजवतो. नदी वाहते आहे, दुरून सनई येते आहे, असं काहीतरी मी बटणांवर केलं होतं. ऐकणाऱ्याला त्यातली नदी कधी कळली नाही. तो तुकडा पाऊण मिनिटाचा होता. मामांचं शेवटचं कडवं आणि त्यापुढचं धृपद मिळून पाऊण मिनिटाचं होतं. दोन्हींपैकी एक जाणार होतं. मी एकटाच खोलीत होतो. चौथ्या कडव्यानंतर मी आवाजाचं बटण हळूहळू खाली आणलं आणि मामांचं नाव यायच्या आत गाणं विरून गेलं. मग पहिल्यापासून लावून ऐकलं. माझा तुकडा छान वाटला.

कंपनीच्या छापील कागदावर 'गीतकार' असा रकाना होता. तिथे नाव लिहिलं तर त्या माणसाची सही लागणार होती. मामा त्या दिवशी न्हावऱ्यातच होते, तळावर. माझ्याकडे मोपेड होती. जाऊन-येऊन दीड तास लागला असता. चहाहून परतलेला कंपनीचा माणूस म्हणाला, पारंपरिक लिहा, सगळे तेच लिहितात, भानगड नको. मी लिहिलं. माझ्या हस्ताक्षरात, ठळक. आणि 'संगीत' या रकान्यात माझं नाव लिहिलं.

कॅसेट छापून आली तेव्हा मामा दुकानात आले. स्टुलावर बसून त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. गाणं विरलं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि कडवं कुठं गेलं ते विचारलं. टेप कमी पडली, मी म्हणालो. पुढच्या आवृत्तीत घालू, असंही म्हणालो. मामांनी थोडा विचार केला.

"टेपीला इलाज न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी कव्हरची घडी उलगडली. 'पारंपरिक' हा शब्द बोट ठेवून वाचला आणि मोठ्याने हसले. "मला मेलेला धरलाय व्हय रं?"

आतल्या घडीवर 'स्वर : दस्तगीर आणि साथी' असं बारीक अक्षरात होतं. त्यावर त्यांनी समाधान मानलं. पुढची आवृत्ती निघाली. तिच्यानंतरचीही निघाली. मी कुणालाही काही कळवलं नाही. काही वर्षांनी शहरातल्या एका नावाजलेल्या गायकाने तेच गाणं नव्या ठेक्यात गायलं. पारंपरिक असल्यामुळे त्याला कुणाची परवानगी लागली नाही. मग ते डीजेवर आलं, मोबाईलवर आलं. कागदाची घडी गेली आणि घडीवरचं बारीक नावही गेलं. गाण्याचा जन्म कुठे झाला हे सांगणारं एकच कडवं होतं, ते माझ्या कपाटात मूळ रेकॉर्डिंगच्या टेपवर पडून होतं.

लोक या गोष्टीला विसर पडणं म्हणतात. मला त्या शब्दाचा संताप येतो. कुणाला विसर पडला नाही. ज्याला माहीत होतं तो गप्प बसला.

इनामगावच्या एका लग्नात मी स्पीकरची जोडणी बघायला गेलो होतो. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात तो परण्या चालला होता, दुपारची वेळ. मामांचा बँड होता. पोरांनी घोडनदीचं गाणं मागितलं. मामांनी नेहमीसारखा बँड थांबवला, शब्द आपले, चाल आपली असं सांगितलं आणि गाऊ लागले. वरातीत ते पाचही कडवी गायचे. पाचवं कडवं सुरू झालं तसा नवरदेवाचा एक मित्र पुढे आला. त्याने मोबाईलवर त्या नावाजलेल्या गायकाचं गाणं लावून मामांच्या कानाजवळ धरलं.

"मामा, असं हाय ओरिजनल. त्याच्यासारखं गा. मधीच स्वतःचं नाव काय घुसवता?"

पोरं हसली. एकजण म्हणाला, नाल कसली ठोकतो, आता म्हाताऱ्यालाच ठोकायला पाहिजे. मामांनी माईक खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. मी जनरेटरच्या गाडीपाशी, दहा पावलांवर उभा होतो. त्या पोराला सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी खाली वाकून वायर तपासली. वायर ठीक होती.

मामांनी कडवं अर्धंच सोडलं. क्लॅरोनेटवाल्याने समजून दुसरं गाणं धरलं. परतताना जीपमध्ये मामा माझ्या शेजारी बसले होते. तुऱ्याची टोपी मांडीवर होती. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी काय करनार. टेपच कमी पडली." त्यानंतर मामांनी ते गाणं वरातीत म्हटलं नाही. वयामुळे दम पुरत नसेल, असं बँडवाल्यांना वाटलं.

मागच्या वर्षी दौंडला एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी कार्यक्रम होता. गेल्या पाच दशकांतले गाजलेले गायक आणि त्यांची गाणी, असा. घोडनदीचं गाणं घरोघरी पोचवल्याबद्दल माझा सत्कार ठेवला होता. मी त्यांना मामांचं नाव सुचवलं का? नाही. मी नवा झब्बा शिवला. मामांनी रस्त्यावरचा फलक वाचला असावा. ते एसटीने आपले आपण आले आणि चौथ्या रांगेत बसले. त्यांनी ऐंशी गाठली होती. हातात काठी होती.

निवेदिका चांगली होती. प्रत्येक गाण्याआधी गायकाचं, गीतकाराचं नाव सांगत होती. मामा मान डोलवत होते. एकदा तिने चुकीचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी शेजारच्याला बरोबर नाव सांगितलेलं मला व्यासपीठावरून दिसलं. मग माझ्या खांद्यावर शाल पडली आणि ती म्हणाली, "यापुढचं गाणं कुणी लिहिलं, कुणालाच ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते आपल्या मातीत चालत आलंय."

चौथ्या रांगेत मामा उभे राहिले.

"बाई, किती पिढ्या?"

लोक हसले. निवेदिकेलाही गंमत वाटली. "मी हितं बसलोय," मामा म्हणाले, पण वाद्यं सुरू झाली होती. छातीवर बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकाने त्यांना दंडाला धरून, आजोबा बसा, मागच्यांना दिसत नाही, असं सांगत खाली बसवलं. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी शाल सावरली.

मला त्या स्वयंसेवकाचा राग येतो, निवेदिकेचा येतो, इनामगावच्या पोराचा तर अजून येतो. पण यातल्या कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हावऱ्याला गेलो. मामा ओट्यावर खाटेवर बसले होते. त्यांची मुलगी शकिला, अंगणवाडीत शिकवते ती, चहा घेऊन आली. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मामांनी मधे अडवलं नाही. शेवटी दोनच प्रश्न विचारले.

"टेप किती कमी पडत हुती?"

"पाऊण मिनिट."

"आन् तुझी बटनं किती येळ वाजत हुती?"

"तेवढीच."

मामांनी काठी भिंतीला टेकवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मी इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी. "इतकी वर्सं मी त्या टेपीला शिव्या घालत हुतो," ते म्हणाले. "निर्जीव वस्तू. तिला कळत बी न्हाई." मग शकिलाकडे वळून म्हणाले, "त्याचा कप उचल."

तिने उचलला. अर्धा चहा तसाच होता. मी उठलो, पायरी उतरलो. मागून मामांचा आवाज आला. गाण्याचा नव्हे, तळावर बैल पाडताना दोर धरणाऱ्यावर ओरडायचे तो.

"मी जित्ता हाय तंवर लाव ते कडवं. माफी मागत हितं येऊ नगंस. मेल्यावर लावलंस तर मला काय त्याचं?"

मी घरी आलो, टेप शोधली. तिला बुरशी धरली होती. पुण्याला एकाकडून साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून आणली. आठ दिवसांत गाणं हातात होतं. पाचही कडवी, स्वच्छ. ते त्याच दिवशी मोबाईलवरून सगळीकडे टाकता आलं असतं. मी टाकलं नाही. सोबत एक निवेदन लिहावं, असं मला वाटलं. गाण्याचा इतिहास, माझी चूक, माझी वेदना. पहिला मसुदा कोरडा वाटला. दुसऱ्यात मी फारच वाईट दिसत होतो. तिसऱ्यात कंपनीच्या माणसाला जास्त जागा दिली. पाच आठवडे मी माफीनामा सुंदर करत बसलो. सहाव्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारी ओट्यावरच मामा गेले.

दफनाला मी गेलो. मुठीत माती घेतली. कुणी मला काही बोललं नाही, कारण शकिलाशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. ती तिसऱ्या दिवशीच्या विधीनंतर दोन दिवसांनी दुकानात आली. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. तिने एवढंच विचारलं, लावलं का? मी मोबाईलमधलं निवेदन तिला वाचायला दिलं. ती उभ्याउभ्या वाचत गेली. खालपर्यंत गेली आणि मोबाईल परत दिला.

"दादा, हे सगळं तुमचंच हाय ह्यात. पुसा हे. नुसतं गाणं लावा."

तिच्यासमोर मी गाणं लावलं. वर लिहिलं : गीत, चाल, आवाज : दस्तगीर, न्हावरे. एवढंच. कीबोर्डचा तुकडा मी काढून टाकला होता. शकिलाने ते कानाशी धरून ऐकलं. पाचव्या कडव्याला ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. नंतर एसटीला गेली.

दोन दिवसांत हजारो लोकांनी ऐकलं. खाली लोकांनी लिहिलं ते असं : आवाज भारी आहे, पण मूळ गाण्यात हे कडवं नाही. कुणीतरी स्वतःचं नाव घुसवलंय. जुनं गाणं आहे, ह्यांच्या बापाचं आहे का? हा दस्तगीर कोण? एकाने तर त्यावरून असं काही लिहिलं की ते इथे उतरवणार नाही. नावावरून माणसाची जात-धर्म काढून गाणं त्याचं असूच शकत नाही, असा त्याचा हिशेब होता. ज्यांनी आयुष्यभर त्याच्या गाण्यावर लेकी सासरी पाठवल्या, त्यांतलाच तो असणार.

मी ते बंद करायचं ठरवलं. गाणं काढून घेतो, मामांच्या नावाला शिव्या नकोत, असं शकिलाला फोनवर सांगितलं. ती इतकी चिडली की तिचा आवाज फाटला.

"आता परत काढताय? एकदा काढलं तेवढं बास न्हाई झालं? अब्बांना आता तोंड न्हाई, दादा. तुम्हाला हाय. एकेकाला उत्तर द्या."

मी म्हणालो, शेकडो आहेत.

"मंग शेकडो द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम तेच. कुणी लिहितं, हे मूळ नाही. मी लिहितो, हेच मूळ आहे, शेवटचं कडवं मी काढलं होतं, गाणं दस्तगीरमामांचं आहे. कुणी शिवी देतं, त्यालाही तेच. कुणी पुरावा मागतं, त्याला मी माझं नाव, गाव आणि दुकानाचा पत्ता देतो, या आणि टेप बघा म्हणतो. अजून कुणी आलेलं नाही. काहीजण आता 'दस्तगीर न्हावरेकरांचं गाणं' असं लिहू लागले आहेत. सहा-सात असतील. न्हावऱ्यातली दोन पोरं वरातीत डीजे थांबवून ते कडवं लावतात, असं शकिलाने सांगितलं. सांगताना ती खूश नव्हती. तिचा राग गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी अपेक्षाही नाही.

आज सकाळी एकाने लिहिलं, तुम्हाला एवढं काय माहीत हो काका, तुम्ही होता का तिथे?

मी लिहिलं, मी एकटाच होतो. आवाज मीच बंद केला.

त्याने हसणारा चेहरा पाठवला. मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं.